रकाना

आमच्या दफनाच्या वहीत सहा रकाने आहेत.
नाव, वय, आजार,
बाप्तिस्म्याची तारीख, दफनाची तारीख, पाळकाची सही.
मधुकर काळमेघ यांच्या ओळीत
चौथा कोरा आहे
आणि सही माझी.

एकवीस वर्षं ते नंदानगरच्या टाकीवर व्हॉल्व्हमन होते.
एक दिवसाआड, पहाटे साडेचारला,
खांद्यावर ती लांब लोखंडी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलायचे, मोजून आटे फिरवायचे.
जलूदहून घाट चढून आलेली नर्मदा
मग गल्लीगल्लीच्या पिंपांत वाजू लागायची.
रविवारी चावी बाहेर भिंतीला टेकवून
आमच्या शेवटच्या बाकावर.
प्रभुभोजनाचं ताट आलं की न घेता पुढे द्यायचे,
पोस्टमन दुसऱ्याचं पत्र देतो तसं.

दर वर्षी ईस्टरच्या आधी मी विचारायचो.
व्यासपीठाखाली आमचा हौद आहे, फळ्यांनी झाकलेला.
त्याची गळती दोनदा त्यांनीच काढली,
आत उतरून, गुडघ्यांवर, थापीने सिमेंट लावत.
"उतरलात तर आहातच," मी म्हणायचो, "पाणी तेवढं बाकी."
"किती लागतं?"
"दोन हजार लिटर."
"पाळकसाहेब, लाइनीच्या टोकाला एका म्हातारीचा नळ आहे.
दाब पोचत नाही. दोन बादल्या मिळतात तिला.
तिची टाकी भरू द्या, मग मला बुडवा."

मी वचनं काढून दाखवायचो.
पाण्यावाचून आत जाता येत नाही, असं शिकलो होतो,
शिकवत होतो, त्यावर माझा पगार होता.
ते ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे,
"त्या वधस्तंभावरच्या चोराला कुणी नेलं होतं हौदावर?"
सेमिनरीतलं उत्तर माझ्याकडे तयार होतं: तो अपवाद.
"मग वहीत अपवादाचा रकाना का नाही?"

राग यायचा कधी कधी.
वाटायचं, म्हातारीच्या आड लपतायत.
भावकीला भीत असतील,
मुलीचं देवासला जमत आलं होतं.
असेलही. मी ते कधी विचारलं नाही.

मार्चात एम. वाय. हॉस्पिटलातून फोन आला.
नळाचा दिवस नव्हता.
पिंपातलं कालचं पाणी बाटलीत भरून घेतलं.
नाकात नळी. सिस्टर म्हणाली,
तोंडाने काही नाही, थेंबसुद्धा नाही.
त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले,
"पाणी."

तीस वर्षांच्या सेवेत
इतका स्पष्ट शब्द कुणी माझ्याशी बोललं नव्हतं,
आणि मला कळेना, कुठलं.
कपाळावरचं की घशातलं?
तीन थेंब, तीन नावं. मी झाकण काढलंसुद्धा.
मग जीभ दिसली,
चुना वाळावा तशी, पापुद्रे सुटलेली.
सिस्टर मुद्दाम खिडकीकडे वळली.
मी कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावला.
त्यांनी तो चोखला. पुन्हा भिजवला, पुन्हा चोखला.
मी काहीच म्हणालो नाही,
एकही नाव.

पंचांनी विचारलं, "दिला?"
मी म्हणालो, "दिलं."
कान्याच्या जागी टिंब.
कुणाच्या कानाला लागलं नाही.

कबरस्तानात जागा मिळाली, कडेची, बाभळीजवळ.
वही घेऊन बसतो अधूनमधून.
तारीख मला पाठ आहे.
पेन उघडतो आणि बंद करतो.

एका पहाटे लाइनीच्या टोकाला गेलो.
नवा पोरगा आटे मोजत नव्हता, मोबाइलवर बोलत होता.
म्हातारी नळाशी उकिडवी.
मला बघून म्हणाली, "वो चाबीवाले भैया नहीं आते अब?"
मी सांगणार होतो.
इतक्यात नळ खाकरला.
आधी नुसती हवा येते, फुसफुसते, थुंकते,
कधी कधी बराच वेळ.
तिने हात खाली धरला होता,
आणि काढला नाही.